कठड्याला लावलेलं तांबं

२ फेब्रुवारी, सकाळी सात
नवी वही. पहिलं पान कोरं सोडावं, चुका दुसऱ्या पानापासून कराव्यात, असं कॉन्व्हेंटमधल्या आमच्या केमिस्ट्रीच्या सिस्टर सांगत. म्हणून दुसऱ्या पानापासून.

मुंगी काल आली. धाकट्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती आणि तेव्हापासून सतत काहीतरी ओढत असते, म्हणून मुंगी. या वेळी पुस्तकांचं पोतं ओढत आणलं. मे महिन्यात एन्ट्रन्स आहे. बाकी सगळं पक्कं, इलेक्ट्रोकेमिस्ट्री तेवढी कच्ची. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, तुझ्या घराजवळ चांगला क्लास आहे म्हणून तुझ्याकडे पाठवलंय. मी म्हटलं, क्लास कशाला, आत्या मेली आहे का? केमिस्ट्रीचं मेडल कोणाला होतं? तो म्हणाला, ताई, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, इलेक्ट्रॉन अजून तेच आहेत.

त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

संकल्प: चार आठवड्यांत इलेक्ट्रोकेमिस्ट्री संपवणे. रोज फिरायला जाणे. गॅलरीच्या कठड्याचं काहीतरी करणे.

३ फेब्रुवारी
फिरायला गेले नाही. धुकं.

पहिला धडा. सिस्टरांनी शिकवलं तसंच: ॲन ऑक्स, रेड कॅट. ॲनोडवर ऑक्सिडेशन, कॅथोडवर रिडक्शन. वहीत एक बैल काढला, एक लाल मांजर काढलं. बैल इलेक्ट्रॉन देतो आणि देता देता खंगतो, विरघळून जातो. मांजर बसल्या जागी घेतं आणि गुबगुबीत होतं. मुंगी हसली. मग म्हणाली, आत्या, सेलमध्ये ॲनोड निगेटिव्ह असतो ना? मी म्हटलं, ॲनोड नेहमी पॉझिटिव्ह. तिने पुस्तक उघडून दाखवलं.

छापील चूक. हल्ली प्रुफं कोणी वाचत नाही. प्रकाशकांना पत्र लिहिणे.

५ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल. माळ्यावरून यांची पेटी काढली. हे मोठमोठ्या इमारतींना अर्थिंग घालून द्यायचे. पेटीत मीटर, पक्कड, तांब्याच्या पट्टीचं भलंमोठं वेटोळं, सगळं जागच्या जागी. एका ग्लासात मोरचूद आणि तांबं, दुसऱ्यात झिंक सल्फेट आणि जस्ताचा तुकडा, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिपकागद. हा झाला सॉल्ट ब्रिज. जस्त ॲनोड, म्हणजे पॉझिटिव्ह, म्हणून मीटरची लाल वायर जस्ताला लावली.

वजा एक पूर्णांक एक.

मुंगी म्हणाली, वजा आलंय, आत्या. मी म्हटलं, मीटर यांचा आहे. हेसुद्धा मी म्हणेन त्याच्या उलटच बोलायचे.

मग थोडा वेळ मला काही शिकवता आलं नाही. ग्लास मुंगीनेच धुतले.

८ फेब्रुवारी
कठड्याचं मनावर घेतलं. थंडी सरली की हे दर वर्षी स्वतः रंगवायचे. आधी खरवडायचं, मग लाल प्रायमर, मग हिरवा रंग. आठवडाभर नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका घेऊन हिंडायचे. यांना जाऊन पाच वर्षं झाली, त्या वासाच्या भीतीने मी कठड्याला हात लावला नाही. समुद्र दोन गल्ल्यांवर. वारा इतका खारा की काडेपेटीसुद्धा सर्दते.

वेल्डरला बोलावलं. त्याने गज वाजवून पाहिले. म्हणाला, वरून बरे दिसतात, पण बुडाशी खाल्लेत. खरवडून रंगवू, निभावेल. मी म्हटलं, रंग दर वर्षी लावावा लागतो, विज्ञान एकदाच. मला कॅथोडिक प्रोटेक्शन करायचंय. समुद्रातली जहाजं, जमिनीखालचे पाइप असेच राखतात. कॅथोड म्हणजे तांबं आणि तांबं घरात आहे. तो म्हणाला, बाई, मी आठवी नापास. पण तांबं लावलं की लोखंड रडतं, एवढं मला ठाऊक आहे. मी नाही लावणार.

हत्यारं उचलून गेला. या लोकांना अनुभव असतो, थिअरी नसते.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
झालं! दोन दुपारी बसून मीच लावलं. प्रत्येक गज जिथे सिमेंटमध्ये शिरतो, तिथे पट्टीचे तीन-तीन वेढे. यांच्याच पकडीने आवळले. आधी लिंबू-मिठाने पट्टी घासली, सोन्यासारखी निघाली. यांचं तांबं आता यांच्या कठड्याला राखील. डोळ्यांत पाणी आलं. लिंबामुळे.

मुंगीने आल्यावर पाहिलं. बराच वेळ वाकून पाहत होती. मग म्हणाली, आत्या, यात बैल कोण?

मी म्हटलं, यात बैलच नाही. आपण नुसतं मांजर आणून ठेवलंय.

रोज ज्या खुर्चीत कठड्याला पाठ लावून वाचत बसायची, ती तिने उचलून आत आणली. उन्हं लागत असतील.

१९ फेब्रुवारी
मुंगीची मॉक टेस्ट. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत वीसपैकी नऊ. जिथे जिथे ॲनोड पॉझिटिव्ह लिहिलं, तिथे तिथे फुली. म्हणजे छापील चूक आता तपासणाऱ्यांपर्यंत पोचली. साथ पसरावी तशी पसरते आहे. प्रकाशकांना चार पानी पत्र लिहिलं. मेडलचा उल्लेख एकदाच केला. पहिल्याच ओळीत. मुंगीला पोस्टात टाकायला दिलं.

२० फेब्रुवारी
मुंगी म्हणाली, टाकलं.

२६ फेब्रुवारी
मुंगी रोज पाच ते सात लायब्ररीत जाते. येताना बाहीला खडू लागलेला असतो. लायब्ररीत खडू कशाला लागतो? आधुनिक असेल.

३ मार्च
खिळ्याचा प्रयोग. लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकला. तासाभरात खिळा तांबूस, सुंदर. पाण्याचा निळा रंग हिरवट होऊ लागला. मी म्हटलं, बघ, खिळ्याने कसं तांबं ल्यालंय. मुंगी म्हणाली, आणि तेवढंच लोखंड पाण्यात गेलंय, आत्या. मी म्हटलं, माणसाने काय मिळालं ते बघावं.

खिळा आठवण म्हणून त्याच पाण्यासकट बाटलीत भरून कपाटात ठेवून दिला.

७ मार्च
तळमजल्यावरचे टेलर वर आले. शिवायचं मशीन आणि कापायचं टेबल दुकानाबाहेर, बरोबर आमच्या गॅलरीखाली असतं. हातात शाळेचा पांढरा शर्ट, त्यावर तपकिरी ठिपके. म्हणाले, मॅडम, वरून गंज ठिबकतोय. मी त्यांना बसवून सगळी थिअरी सांगितली. तांबं लावल्यावर गंज येणं शक्यच नाही. कावळ्याने घाण केली असेल. ते म्हणाले, कावळा हल्ली चहा पितो का?

उर्मट माणूस. पण शिलाई छान.

जाताना जिन्यात मुंगीशी काहीतरी कुजबुजत होते. शर्टाचं माप असेल.

१२ मार्च
रोज सकाळी गॅलरीत तपकिरी भुगा पडतो. केर काढते. रस्त्याची धूळ. वारा सुटला की कठडा गुणगुणतो, हे मात्र नवीन. कॉन्व्हेंटच्या हॉलमधला पियानो असाच वाजायचा, कोणी त्याच्या पायाला धक्का दिला की. फार बरं वाटतं ऐकायला. यांना ऐकवायला हवं होतं.

१५ मार्च
मुंगीने कुठूनसे जस्ताचे तुकडे आणले आणि वेल्डरकडून आणलेल्या तारेने कठड्याला जागोजागी बांधले. मी विचारलं, हे काय? म्हणाली, प्रयोग. मी म्हटलं, शाब्बास. मुलीला गोडी लागली. श्रेय घेणं माझा स्वभाव नाही, पण नोंद असावी.

१८ मार्च
कोपऱ्यातला एक गज हाताने फिरतो. पूर्वी ताठ होता, आता लवचीक झालाय. लवचीक वस्तू मोडत नाही. ताठ माणसं मोडतात, हे मी यांच्यात पाहिलं आहे.

३० मार्च
गॅलरी साफ केली. मुंगीचे जस्ताचे तुकडे पार खराब झाले होते. पांढरट, भुसभुशीत, किडलेल्या दातासारखे. शेजारीच तांब्याची पट्टी कशी लखलखीत! हलकं ते हलकंच. सगळे तुकडे सोडवून कचऱ्यात टाकले.

मुंगी आली आणि पांढरीफटक पडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. म्हणाली, आत्या, ते खराब व्हायलाच लावले होते! मी म्हटलं, कोणी खराब व्हायला म्हणून काही लावतं का? ती म्हणाली, हो. मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, पट्टी काढूया ना, आत्या. मी म्हटलं, ती पट्टी यांच्या हातची आहे. यांनी गुंडाळून ठेवलेली. या घरात यांच्या हातचं आता तेवढंच कामाला आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं.

अभ्यासाचा ताण. दूध वाढवणे.

१ एप्रिल
मुंगीने अभ्यासाचं टेबल सरकवून गॅलरीच्या दाराला आडवं लावलं. दार उघडतं, पण पलीकडे जाता येत नाही. म्हणाली, वारा लागतो. मी म्हटलं, मग माझे कपडे? म्हणाली, कपडे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घालीन, रोज, प्रॉमिस. बाहेरून आली की आधी टेबल जागेवर आहे का ते बघते, मग चप्पल काढते. लग्नानंतर हिचं कसं होणार?

५ एप्रिल
भावाचा फोन. म्हणाला, ताई, कठड्याला टेकू नकोस. याला कोणी सांगितलं? वीस मिनिटं कॅथोडिक प्रोटेक्शन समजावून दिलं. शेवटी म्हणाला, ताई, आवाज तुटतोय.

१० एप्रिल
वेल्डर न बोलावता दारात. म्हणाला, तुमच्या ताईंनी बोलावलंय, कठडा उतरवून नवा बसवायचाय. कोण ताई? मुंगी घरी नव्हती. परत पाठवला. जाताना खाली उभा राहून मान वर करून गॅलरीकडे पाहत होता. हात जोडले. देवळासमोरून जाताना जोडतात तसे नाही, प्रेतयात्रा दिसली की जोडतात तसे.

नाटकी माणूस.

१७ एप्रिल
मॉक टेस्ट. वीसपैकी वीस! अडीच महिन्यांच्या माझ्या कष्टांचं चीज झालं. भावाला फोन करून म्हटलं, बघ, क्लासवाचून. तो खोकला. बराच वेळ खोकत होता.

मुंगीची तोंडी परीक्षाही घेतली. ॲनोड? म्हणाली, पॉझिटिव्ह, आत्या. क्षणाचाही विलंब नाही.

प्रकाशकांचं उत्तर अजून नाही. शरमले असतील.

२४ एप्रिल
कठडा गुणगुणायचा थांबला. वारा आहे, पण आवाज नाही. दुपारभर कान देऊन बसले. घरात कोणी आजारी असावं आणि त्याचं कण्हणं एकदम बंद व्हावं, तसं वाटलं.

सांध्यांत धूळ बसली असेल.

सहज कपाटातली बाटली पाहिली. खिळा बाटलीत नाही. तळाशी लाल चुरा, बाकी काही नाही.

४ मे
उद्या परीक्षा. मुंगी नवाला झोपली. हॉलतिकीट, पेनं, पाण्याची बाटली, सगळं मी काढून ठेवलं. गेट साडेआठला बंद होतं. केंद्र वीस मिनिटांवर. आठला निघायचं.

संकल्प: उद्या रडायचं नाही.

५ मे, दुपार
अक्षर वेडंवाकडं आहे, माफी असावी.

मुंगी आठला निघाली. पाया पडली. दारात वळून म्हणाली, आत्या, मी येईपर्यंत गॅलरीत जाऊ नकोस. प्रॉमिस कर. मी प्रॉमिस केलं. कॉन्व्हेंटमध्ये करायचो तसं, पाठीमागे बोटं मुडपून.

कारण मी माहेरी निघाले की हे गॅलरीत उभे राहायचे. कठड्याच्या कोपऱ्यावर चहाचा कप ठेवायचे, दोन्ही कोपरं कठड्यावर टेकायचे आणि मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत हात हलवायचे. या घरातून कोणी मोठ्या कामाला निघावं आणि त्याला वरून कोणी हात हलवू नये? पोरीची एवढी मोठी परीक्षा, तिचे आईबाप लांब. मी टेबल सरकवलं. जड होतं. खालच्या कप्प्यात विटा भरलेल्या होत्या, त्या आधी काढाव्या लागल्या. टेबलात विटा कोण ठेवतं, हा विचार तेवढ्यात मनात येऊन गेला.

बाहेर गेले. कप कोपऱ्यावर ठेवला. दोन्ही कोपरं टेकली, यांच्यासारखी. पायाखाली काहीतरी कडकडलं, वाळलेलं पान पडावं तेवढंच.

मुंगी गल्लीच्या टोकाशी होती. वळून तिने वर पाहिलं. मग बाटली टाकली आणि दोन्ही हात वर करून वेड्यासारखे हलवायला लागली. काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, किती हा जीव! एका हाताने हिचं भागत नाही. मग मीही कोपरं उचलली, नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे झाले आणि दोन्ही हात वर केले.

तेव्हा कठडा गेला.

पडला म्हणता येणार नाही. अगदी सावकाश बाहेरच्या बाजूला वाकला, म्हातारा माणूस नमस्काराला वाकावा तसा, कोपऱ्यावरचा कप घेऊन. मग माझ्यासमोर काहीच नव्हतं. नुसती हवा आणि तीन मजले. मग खालून आवाज आला.

मी तिथेच उभी होते, हात वर करून. शाळेत शिक्षा व्हायची, तशी.

टेलरांचं टेबल, असं मनात आलं. खाली पाहायचा धीर होईना. तेवढ्यात त्यांचाच आवाज, मॅडम, आत व्हा, आत व्हा! ते रस्त्याच्या पलीकडून ओरडत होते. टेबल, मशीन सगळं पलीकडच्या भिंतीला. मार्चपासून तिथेच आहे म्हणे. तुमच्या भाचीनेच हलवायला लावलं.

आणि मुंगी धावत परत येत होती. परीक्षेच्या केंद्राकडे पाठ करून. मी ओरडले, जा! गेट बंद होईल! ती थांबेना. खाली येऊन उभी राहिली, तोंड वर. मला म्हणाली, आधी आत जाऊन बस. बसलीस की सांग. मी आत येऊन फरशीवर बसले आणि तिथूनच ओरडले, बसले गं! मग टेलरांची स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती.

त्यानंतरचं काही ठाऊक नाही.

विटा परत ठेवायला टेबलाचा कप्पा उघडला, तर तळाशी तिची वही सापडली. दुसऱ्याची वही वाचू नये. वाचली.

पहिल्या पानावर दोन रकाने. एकावर लिहिलंय, आत्याचं उत्तर. दुसऱ्यावर, पेपरातलं उत्तर. ॲनोड: पॉझिटिव्ह. ॲनोड: सेलमध्ये निगेटिव्ह, इलेक्ट्रोलिसिसमध्ये पॉझिटिव्ह. असे सव्वीस प्रश्न. दोन्ही रकाने सारख्याच सुंदर अक्षरात. दोन्ही पाठ केलेले.

मध्ये क्लासची फी भरल्याची पावती. तारीख १९ फेब्रुवारी.

मग एक पान, वर नाव: आपला कठडा. ॲनोड, लोखंड. कॅथोड, काकांचं तांबं. इलेक्ट्रोलाइट, खारा वारा. वायरची गरज नाही, एकमेकांना चिकटून आहेत. तांबं शून्य पूर्णांक चौतीस, लोखंड वजा शून्य पूर्णांक चव्वेचाळीस, फरक शून्य पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. खाली: कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणजे कॅथोड आणून लावणं नव्हे. ज्याला राखायचं, त्यालाच कॅथोड करायचं. त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी खंगायचं. जस्त. त्याखाली पेन्सिलने एक बैल काढलाय. बारीक, बरगड्या दिसतात असा. आणि शेजारी: आत्याला कसं सांगू?

वहीच्या शेवटी, खुणेसाठी ठेवलेलं, माझं प्रकाशकांना लिहिलेलं पत्र. चार पानी. तिकीट तसंच.

५ मे, संध्याकाळी सहा
मुंगी आली. गेटवाल्याने एक फळी लोटली होती, दुसरीतून आत शिरली. आल्या आल्या आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबल मी दाराला आडवं लावून ठेवलं होतं, विटांसकट. तिने चप्पल काढली.

काही बोलायच्या आधी तिला मिठी मारायची असं ठरवलं होतं. तिनेच मारली. माझ्या काळजीतच पेपर लिहिला असणार.

चहा झाल्यावर म्हणाली, आत्या, एक प्रश्न आला होता. जमिनीखालच्या लोखंडी पाइपला गंजापासून वाचवायला कोणता धातू जोडाल? चार पर्याय. मी विचारलं, तू काय लिहिलंस? म्हणाली, तू सांग.

पंचेचाळीस वर्षं सिस्टरांचा बैल आणि मांजर मला तोंडपाठ आहेत. पण कोण कोणासाठी खंगतं, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. नाकावर हिरवा ठिपका घेऊन दर वर्षी कठड्याशी बसणाऱ्या माणसालाही नाही.

जस्त, म्हटलं.

मुंगीने वही उघडली, सव्विसाव्या प्रश्नाखाली सत्ताविसावा घातला आणि दोन्ही रकान्यांत एकच उत्तर लिहिलं. समोर मार्क दिला. एकापैकी एक.

उद्या वेल्डरला बोलावणे. तो काय वाट्टेल ते बोलेल, ऐकून घेणे. रंग हिरवाच.

टेलर आत्ताच खालून सगळं गोळा करून देऊन गेले. गजांच्या बुडांचा नुसता भुगा होता, तो त्यांनी झाडून टाकला. कपाचा कान तेवढा सापडला. आणि तांब्याची पट्टी, सगळीच्या सगळी. लिंबाने घासली होती तेव्हा दिसत होती तशीच. कुठे एक ओरखडा नाही.